खड्ड्याकाठचे उत्तमतात्या

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या कमानीवर अठ्ठावीस नावं कोरलेली आहेत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, विश्वस्त, देणगीदार, कमानीचा आराखडा काढणारा आणि कमान बघायला आलेले पाहुणे. एक नाव दोनदा आहे, कारण ते गृहस्थ दोन समित्यांवर होते. ज्या माणसामुळे कमान झाली त्या वर्षी वसतिगृह बंद पडता पडता राहिलं, त्याचं नाव त्यात नाही. त्याचं काम मात्र त्याच कमानीसमोर आहे, हात-दीड हात मातीखाली.

इंदापूरच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत हे वसतिगृह. मी तिथे अकरा वर्षं रेक्टर होते आणि शेजारच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. त्या काळात बरीच मोठी माणसं जवळून पाहिली. त्यातले उत्तमतात्या तेवढे लक्षात राहिले.

संडासाची टाकी सगळ्यांना माहीत असते. टाकीतून पुढे निघणाऱ्या पाण्याचं काय होतं, हे टाकी बांधणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. ते पाणी भोकं पाडलेल्या नळ्यांतून खडीच्या चरांत सोडायचं आणि जमिनीत जिरवायचं, हा तात्यांचा धंदा. नव्या लायनी टाकायच्या, बिघडलेल्या दुरुस्त करायच्या. बारामतीपासून इंदापूरपर्यंत, जिथे गटार पोचलेलं नाही तिथल्या मळ्यातल्या बंगल्यांना, शाळांना आणि धाब्यांना ते ठाऊक होते. आधी ते उसाला ठिबकच्या नळ्या टाकायचे. "काम तेच हाय," ते म्हणायचे. "पयलं चांगलं पाणी द्यायचो, आता वापरलेलं देतो. जमीन कुरकुर करत न्हाय, माणसंच करत्यात."

त्यांच्या मोटरसायकलच्या हँडलला कपड्यांचा एक हँगर लटकलेला असायचा. कामावर यायचे ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आल्यावर शर्ट काढून हँगरला लावायचे, हँगर खिडकीच्या गजाला अडकवायचे आणि बनियनवर चरात उतरायचे. काम संपलं की कोपरापर्यंत हात धुऊन तोच शर्ट पुन्हा घालायचे. येताना आणि जाताना ते सारखेच दिसत. आमच्या संस्थेतल्या कितीतरी लोकांबद्दल हे सांगता येणार नाही.

मागे बसून त्यांची बायको शालनकाकू यायच्या. त्यांच्या खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं असायचं. गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी. आत पाणी भरायचं, एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की चराचा तळ सारखा. नवराबायको तीस हात अंतरावर उभे राहून भांडत असत.

"तुमचं टोक खाली हाय."

"आगं, पाणी खोटं बोलतंय व्हय?"

"पाणी न्हाय. तुमी."

तात्यांची खरी ओळख मात्र खड्ड्याची. लायन टाकण्याआधी ते त्या जागेत कोपरभर खोल खड्डा घेत. संध्याकाळी तो पाण्याने भरून ठेवत, म्हणजे मातीला काय फुगायचं ते फुगून घेऊ दे. सकाळी पुन्हा भरत, त्यात उसाचं एक कांडं उभं रोवत आणि मनगटावरचं घड्याळ बघत शेजारी बसत. अर्ध्या तासात पाणी अर्धं पेर उतरलं तर जमीन उत्तम. पाव पेर उतरलं तर चालवून घ्यायचं. त्याहून कमी असेल तर दुसरी जागा. या अर्ध्या तासात ते बोलत नसत, चहाही घेत नसत. घरमालकालाही शेजारी बसवत. एकदा एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, की खड्ड्यात एवढं काय बघायचं. तात्या म्हणाले, "पोरगी देताना घर बघता का न्हाय? ह्या जमिनीला जलमभर पाणी द्यायचंय. नांदंल का न्हाय बघू की."

मला ते कळले भावाकडे. माळेगाव बुद्रुकच्या पुढे उसातच भावाचा बंगला आहे. तात्यांनी तिथे लायन टाकली आणि बजावलं, "ह्या दोन गुंठ्यात काय लावायचं न्हाय. गवत आलं तर येऊ द्या." भावाने मान डोलावली. पण आमच्या भागात दोन गुंठे ओली, मऊ, कसदार जमीन मोकळी ठेवणं हे जवळजवळ पाप आहे. महिनाभर त्याला झोप लागली नसावी. मग त्याने तिथे ऊस लावला. असा ऊस पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. बाकीच्या फडापेक्षा दोन हात उंच, मनगटाएवढा जाड. भाऊ पाहुण्यांना आधी तो दाखवायचा, मग घर.

वर्षाने संडास तुंबला. तात्या आले, नळी उकरली आणि तिच्यातून उसाच्या मुळ्यांचा पाच हात लांब पेड ओढून काढला. तो त्यांनी ओट्यावर भावासमोर ठेवला. "घ्या. पोरीच्या जातीला बी एवढी लांब येणी न्हाय यायची."

"पण तात्या," भाऊ म्हणाला, "ऊस काय आला होता!"

"येनारच की. समद्या घरानं वरीसभर जेवून जेवून घातलंय त्याला."

तो ऊस गाळपाला गेला. त्या हंगामात मी चहात साखर कमी घेतली.

भिगवणचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला नाही, शालनकाकूंनी सांगितला. तिथल्या एका मासळीच्या खानावळीची लायन तेलाने आणि खवल्यांनी गच्च भरली होती. दोघांनी दिवसभर खपून ती मोकळी केली. मालकाने चहा पाठवला तो कागदी कपात, बाहेर, चराच्या काठावर. तात्यांनी हात धुतले, शर्ट घातला, पण चहाला हात लावला नाही. मालक बाहेर आला. "तात्या, चहा घेतला न्हाय?"

"कपबशीत द्या, आत बसून घेतो. तुमच्या घरातलं समदं आतापतूर मी बघितलंय. आता माझ्यापासनं काय लपवायचं राहिलंय?"

मालकाने त्यांना आत बसवलं. काकू म्हणाल्या, "आन मला इचारलं बी न्हाय, तू चहा घेतीस का. दोन कप आनायला मीच सांगितलं."

आता वसतिगृहाचं सांगते.

त्या वर्षी जानेवारीत कमानीचं उद्घाटन झालं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त उद्घाटनं फार आवडायची. पाहुणे मोठे होते, त्यामुळे त्यांच्यामागे तीस-पस्तीस गाड्या होत्या. त्या लावायला वसतिगृहाच्या मागचं मोकळं मैदान मिळालं. ते मोकळं का आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, हे इथे कबूल करते. भाषणं साडेतीन तास चालली. स्त्रीशिक्षणावर सात जण बोलले. मुली उन्हात बसल्या होत्या.

फेब्रुवारी उजाडला आणि तळमजल्यावरच्या न्हाणीतून पाणी उलटं वर यायला लागलं. मैला उपसणारा टँकर बोलावला. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा टँकर, पुन्हा तेच. वास जिन्याने वरच्या मजल्यावर अभ्यासाला येऊन बसला. बासष्ट मुली होत्या, निम्म्याहून अधिक बारावीच्या, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर.

आबांनी फोनवर निर्णय दिला. "रविवारपर्यंत बघा, मॅडम. न्हायतर पोरींना घरी पाठवा. पेपरला येतील घरून. महिन्याभराचा तर प्रश्न हाय."

ही बातमी माझ्याआधी मुलींपर्यंत पोचली. त्याच दुपारी पूजा ऑफिसच्या दारात उभी राहिली. बारावी सायन्सची, उजनीच्या पाण्यापलीकडच्या गावातली, कमी बोलणारी.

"मॅडम, सुट्टी किती दिवसांची हाय?"

"अजून ठरलं नाही. का?"

"दोन-तीन दिवसांची असली तर मी हितंच मैत्रिणीकडं ऱ्हाते. महिन्याची असली तर घरी जावं लागंल. मामानं पोरगं बघून ठेवलंय. परीक्षा हाय म्हणून आईनं थांबवून धरलंय. मी एकदा घरी गेले की परत येत न्हाय."

एसटीची वेळ सांगावी तसं तिने हे सांगितलं आणि वर्गात निघून गेली. मी स्त्रीशिक्षणावरची सातही भाषणं आठवून पाहिली. त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. मग मी तात्यांना फोन लावला.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हँगर माझ्या ऑफिसच्या गजाला लावला. मागच्या मैदानावर एक फेरी मारून परत आले.

"बाई, हितं कोण नाचून गेलं?"

"कार्यक्रम होता. गाड्या लावल्या होत्या."

"आन त्याच्या आधी सफाई झाली आसंल."

आमचा शिपाई शेजारीच होता. कौतुकाची संधी त्याने सोडली नाही. "आठ दिवस रोज फिनेल आन ॲसिड, तात्या. फरशी अशी केली व्हती, तोंड दिसंल."

तात्या त्याच्याकडे वळले. "आरं, टाकीत बारकं जीव असत्यात. ती समदी घाण खाऊन पाणी निवळ करत्यात. पाव्हणं यायचं म्हणून तू पयली घरातली माणसं मारली. मग पाव्हणं आलं, त्यांनी अंगणात गाड्या घालून नळ्या मोडल्या. आता टँकर बोलवताय. पोट दुखतंय आन तुमी तोंड धुताय."

उकरल्यावर नळी निघाली ती चपटी. काकूंनी ती दोन बोटांत उचलली. "ह्याचा तर पापुद्रा झालाय, वं."

मागची जमीन दबून मेली होती. नवी जागा शोधायची होती. तात्यांनी चार खड्डे घेतले, तीन मागच्या अंगाला आणि एक पुढे. संध्याकाळी भरले, सकाळी पुन्हा भरले. मागच्या कुंपणापलीकडे उसाला पाट वाहत होता. मागच्या दोन खड्ड्यांतलं पाणी जागचं हललं नाही. तिसऱ्यात ते वाढलं.

"ही पीत न्हाय, उलटी करतीया," तात्या म्हणाले. "पाट चालू हाय तवर हितं काय जिरायचं न्हाय. आन पाट काय तुमच्या परीक्षेला थांबायचा न्हाय."

पुढचा खड्डा होता कमानीच्या आत, लॉनमध्ये. तिथे जमीन थोडी उंचावर, खाली मुरूम. तिथे अर्ध्या तासात पाणी अर्धं पेर उतरलं. अडचण एवढीच, की त्या लॉनवर संस्थेचा जीव होता. मधोमध कारंजं, त्याच्या पुढे कोनशिला, सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी. घरातल्या देवालाही आबा इतक्या नियमाने पाणी घालत नसतील.

आबा आले. पांढरे कडक कपडे, मागे दोन माणसं. गुरुवार होता तो. ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी पडली. "तात्या, कमानीसमोर संडासाचं पाणी? आवं, पाहुणं येत्यात हितनं."

"पाव्हणं वरनं जातील, पाणी खालनं जाईल. दोघांची गाठ पडायची न्हाय."

"मागं का न्हाय करत?"

मला वाटलं आता वाद होणार. तात्यांनी वाद घातला नाही. ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि मागच्या खड्ड्याशी नेऊन ठेवली. "बसा, आबा."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

मला वाटतं, हार-तुरे आणि माइक नसताना आबा अर्धा तास एका जागी बसल्याला बरीच वर्षं झाली असावीत. सुरुवातीला त्यांनी दोन फोन केले. मग एक फोन घेतला नाही. मग ते उसाच्या कांड्याकडे बघू लागले. तात्या शेजारी उकिडवे बसून घड्याळ बघत होते. मी खिडकीतून पाहत होते आणि पेपर तपासण्याचं नाटक करत होते. अर्धा तास झाला. पाणी होतं तिथेच होतं.

तात्यांनी खुर्ची उचलली आणि कमानीसमोरच्या खड्ड्याशी नेली. आबा मुकाट्याने मागे गेले. दहा मिनिटं झाली असतील, आबा खुर्चीतून वाकले. आणखी वाकले. आणि एकदम, लहान मुलासारखे ओरडले, "उतारलं की वं!"

"व्हय," तात्या म्हणाले. "ही पिती."

आबा उठले. "पण दिसायचं न्हाय ना?"

"दिसलं तर मी मिस्त्रीच न्हाय."

परवानगी मिळाली. अट एकच, कोनशिला हलवायची नाही. त्यामुळे चार नळ्यांतली चौथी आजही कोनशिलेला वळसा घालून जाते. कारंज्याचा आणि लॉनच्या पाइपचा नळ तात्यांनी स्वतः बंद केला. लॉनला आता दुसरं पाणी लागणार नाही, म्हणाले. आबांनी हे कितपत ऐकलं कोण जाणे.

त्या दुपारपासूनच्या तीन दिवसांत मी मातीकडे जेवढं पाहिलं, तेवढं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तात्यांनी जेसीबी लावू दिला नाही. "यंत्र चर काढंल, पर काढता काढता जमिनीचा गळा दाबंल." चार माणसं लावून हाताने चर काढले. फावड्याने चराच्या भिंती गुळगुळीत झाल्या की तात्या त्या लोखंडी पंजाने ओरबाडायला लावत, कारण चोपलेली माती पाणी आत घेत नाही. खडी, नळी, पुन्हा खडी, वर गोणपाट, वर माती. नवराबायकोची लेव्हलवरची भांडणं ऐकायला मुली गच्चीत उभ्या राहत. माणशी दोन बादल्या पाणी आणि संडासाला कॉलेजच्या इमारतीत रांगेने, अशी मुलींची गत होती. टाकीत तात्यांनी दोन पाट्या शेण कालवून सोडलं, मेलेल्या 'घरातल्या माणसां'च्या जागी नवी वस्ती म्हणून. फिनेलचे कॅन माझ्या कपाटात गेले, प्रश्नपत्रिकांशेजारी, कुलपात.

रविवारी सकाळी दहा वाजता तात्या म्हणाले, "आता समद्या पोरी एकदम."

तिन्ही मजल्यांवरच्या प्रत्येक संडासात आणि न्हाणीत दोघी-दोघी मुली उभ्या केल्या. हातात भरलेल्या बादल्या. काकू जिन्यात. तात्या कमानीसमोरच्या चेंबरचं झाकण काढून गुडघ्यावर बसलेले. त्या चेंबरमधून चार नळ्यांची तोंडं निघत होती. आबा आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

काकू ओरडल्या, "सोडाऽ!"

सगळ्या इमारतीतून एकदम घरंगळल्यासारखा आवाज आला. तात्यांचा कान चेंबरवर होता. पाणी आलं. पहिल्या नळीत जास्त, चौथीत कमी. तात्यांनी खिशातून फरशीची एक चपटी चिप काढली आणि पहिल्या तोंडाशी सरकवली. चारी तोंडांत सारखं पाणी शिरलं. आम्ही बघत राहिलो. पाणी चढलं, थांबलं. मग ते हळूहळू खाली गेलं.

"गेलं," तात्या म्हणाले.

"खाली काय वर आलंय का गं?" काकूंनी जिन्यातून विचारलं.

"न्हाईऽ!" तळमजल्यावरून आवाज आला.

किती दिवस मी खांदे वर ओढून चालत होते, ते खाली आल्यावर कळलं. गॅलरीत मुली लटकल्या होत्या. "मॅडम, मग सुट्टी?"

"सुट्टी नाही. सगळ्या अभ्यासाला बसा."

एकसष्ट मुलींनी एका सुरात "आऽऽ" केलं. एक मुलगी तेवढी, रिकामी बादली हातात घेऊन, दोन-दोन पायऱ्या गाळत जिन्याने वर पळाली.

आबांना भरून आलं होतं. "तात्या, तुमचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सगळं. हितंच लॉनवर मंडप घालू."

"नगा, आबा. मंडप घालाल आन त्याच्या मेखा माझ्या लायनीत ठोकाल. चहा द्या. कपबशीत."

चहा माझ्या ऑफिसात झाला. दोन कप मी आधीच सांगून ठेवले होते. काकूंनी बशीत ओतून फुंकर मारली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बाईंना न सांगता कळलं बघा."

परीक्षा झाली. निकाल लागला. त्यानंतर पंधराएक दिवसांनी एक दिवस हँगर माझ्या खिडकीला लटकलेला दिसला. कुणी बोलावलं नव्हतं. तात्या कमानीसमोर उकिडवे बसून गवतावर तळहात टेकत होते, आजारी माणसाचा ताप बघावा तसे. मी बाहेर गेले.

"काही बिघडलं का?"

"न्हाय. वरनं कोरडं हाय, म्हंजी खाली जिरतंय," ते म्हणाले. "मोसमात एकदा बघून जातो."

मी त्यांना पूजाचं सांगितलं. ती पास झाली होती, बारामतीला कॉलेजात प्रवेशही झाला होता. मामाच्या पाहण्यातल्या मुलाचं लग्न दुसरीकडे ठरलं होतं. आई स्वतः प्रवेशाला आली होती.

तात्यांनी जरा आठवून पाहिलं. "जिन्यानं पळाली ती का?"

"तीच."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि उठले. हात धुतले, शर्ट घातला, हँगर हातात घेतला.

गाडी फाटकापाशी होती. सरळ गवतातून गेलं तर वीस पावलं. तात्या मात्र कडेने निघाले, लायनीच्या हद्दीवरून, कोनशिलेच्याही पलीकडून. काकू नळीचं वेटोळं सावरत मागे.

"आवं, सरळ चला की. चालल्यानं काय मोडतंय व्हय?"

"चालल्यानं काय मोडत न्हाय," तात्या म्हणाले, आणि वळसा घालूनच गेले, झोपलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणून जातात तसे.